जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या

जॉर्ज वॉशिंग्टन (२२ फेब्रुवारी १७३२ – १४ डिसेंबर १७९९) हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सरसेनापती आणि अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष होते. ऐन तारुण्यापासून त्यांना दातांच्या विकारांनी ग्रासले होते. आयुष्याच्या अखेरच्या तीन वर्षांत त्यांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरला नव्हता. त्यांनी वेळोवेळी वापरलेल्या कवळ्या हा दंतवैद्यकाच्या तसेच अमेरिकेतील गुलामगिरीच्या इतिहासातील अभ्यासाचा विषय ठरला आहे. या कवळ्या लाकडाच्या होत्या, असा समज सर्वत्र रूढ असला तरी त्यात तथ्य नाही.

प्रारंभीचे दंतविकार

वॉशिंग्टन यांचा जन्म व्हर्जिनिया वसाहतीतील वेस्टमोरलंड परगण्यात एका मळेवाल्या कुटुंबात झाला. इ.स. १७५६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी वॉटसन नावाच्या वैद्याकडून एक दात काढून घेतला व त्याबद्दल ५ शिलिंग दिले, अशी त्यांची स्वतःची नोंद आहे. पुढील काळात दातदुखी, सुजलेल्या हिरड्या आणि दात काढणे यांचे उल्लेख त्यांच्या कागदपत्रांत वारंवार आढळतात. दातांची निगा राखण्यात त्यांनी हयगय केली नव्हती. दात घासण्याचे ब्रश, दंतमंजन व बोळाचा अर्क यांच्या खरेदीच्या नोंदी त्यांच्या हिशेबवह्यांत आहेत. दात अकाली पडण्यामागे आनुवंशिकता, तत्कालीन आहार आणि आजारांवर दिली जाणारी पारायुक्त औषधे ही कारणे अभ्यासक संभवनीय मानतात. ब्राझील नट दातांनी फोडल्यामुळे त्यांचे दात गेले, असे त्यांचे सहकारी व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांचे म्हणणे होते.

स्वातंत्र्ययुद्धाचा काळ

युद्धकाळात वॉशिंग्टन यांच्या तोंडात उरलेल्या दातांना तारेने बांधलेले काही कृत्रिम दात होते. दंतवैद्य जॉन बेकर त्यांच्यावर उपचार करीत. मे १७८१ मध्ये वॉशिंग्टन यांनी बेकर यांना पत्र लिहून दात साफ करण्याचे एक हत्यार मागवले. दातांची तार घट्ट करण्यासाठी लागणाऱ्या चिमट्याचाही त्यात उल्लेख होता. आपण लवकर फिलाडेल्फियास येण्याचा संभव कमी आहे, असेही त्यांनी कळवले होते. हे पत्र वाटेतच ब्रिटिशांच्या हाती पडले आणि ब्रिटिश सेनापती सर हेन्री क्लिंटन यांच्या दप्तरात जमा झाले. अमेरिकी सैन्य न्यूयॉर्कच्या परिसरातच राहणार, ही ब्रिटिशांची समजूत या मजकुरामुळे दृढ झाली असावी, असे काही अभ्यासक मानतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातील यॉर्कटाउन येथे ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली.

नऊ मानवी दातांची खरेदी

अठराव्या शतकात कृत्रिम दातांसाठी हस्तिदंत, पाणघोड्याचे सुळे, गुरांचे दात आणि मानवी दात वापरले जात. प्राण्यांच्या दातांना व सुळ्यांना आकार देणे शक्य असले तरी ते लाळ शोषून घेत. त्यामुळे कालांतराने त्यांचा रंग पालटे व त्यांना दुर्गंधी येई. दिसण्याच्या दृष्टीने मानवी दातांना पर्याय नव्हता. ते मृतांच्या तोंडातून काढले जात किंवा गरजू माणसांकडून विकत घेतले जात.

फ्रेंच दंतवैद्य ज्याँ-पिएर ल मायेर यांनी १७८० च्या दशकात वॉशिंग्टन यांच्यावर उपचार केले. एकाच्या तोंडातील निरोगी दात काढून तो दुसऱ्याच्या हिरडीत बसवण्याच्या प्रयोगांसाठी ते प्रसिद्ध होते. समोरचे दात विकू इच्छिणाऱ्यांसाठी ते वृत्तपत्रांत जाहिराती देत. इ.स. १७८४ च्या उन्हाळ्यात ते वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील निवासस्थानी राहिले होते.

त्याआधी काही आठवडे, ८ मे १७८४ रोजी, माउंट व्हर्ननच्या हिशेबात एक नोंद झाली. मळ्याचा कारभार पाहणारे वॉशिंग्टन यांचे नातलग लंड वॉशिंग्टन यांनी ती केली. या फ्रेंच वैद्याच्या खाती नऊ दातांबद्दल कृष्णवर्णीयांना ६ पौंड २ शिलिंग दिल्याचे तीत नमूद आहे. हा दर दातामागे साडेतेरा शिलिंगांच्या आसपास पडतो. जाहिरातींतून देऊ केलेल्या रकमेपेक्षा तो बराच कमी होता. दात देणाऱ्यांची नावे नोंदीत नाहीत. ते माउंट व्हर्नन येथे गुलामगिरीत असलेले लोक असावेत, असे मानले जाते. हे दात वॉशिंग्टन यांच्या कवळीत बसवले गेले की त्यांच्या हिरडीत रोपण्यासाठी वापरले गेले, याचा उल्लेख नोंदीत नाही. मोबदला दिला गेला असला तरी गुलाम व्यक्तीस मालकाची मागणी नाकारण्याचे स्वातंत्र्य नव्हते. त्यामुळे हा व्यवहार स्वेच्छेचा मानता येत नाही.

राष्ट्राध्यक्षपद आणि जॉन ग्रीनवूड

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा वॉशिंग्टन यांच्या तोंडात केवळ एक दात शिल्लक होता. खालच्या जबड्याच्या डाव्या बाजूची ही उपदाढ होती. बालवयातच सैन्यात बासरीवादक म्हणून सेवा केलेले न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवूड यांनी त्याच वर्षी त्यांच्यासाठी कवळी तयार केली. पाणघोड्याच्या सुळ्यातून कोरलेल्या तिच्या तळपट्टीवर मानवी दात बसवलेले होते. उरलेल्या दातासाठी तीत भोक ठेवले होते, जेणेकरून कवळीला त्याचा आधार मिळावा. नैसर्गिक दात काढणे शक्य तितके टाळावे, असे ग्रीनवूड यांचे मत होते. तरीही १७९६ मध्ये तो अखेरचा दात काढावा लागला. ग्रीनवूड यांनी तो स्वतःजवळ जपून ठेवला.

त्या काळी कवळी टाळूला चिकटून राहण्याची सोय नव्हती. वरची व खालची कवळी स्प्रिंगांनी जोडलेली असे. स्प्रिंगांच्या ताणामुळे दोन्ही भाग एकमेकांपासून दूर ढकलले जात, आणि तोंड मिटून ठेवण्यासाठी जबडा सतत आवळून धरावा लागे. माउंट व्हर्नन येथे जतन केलेल्या संपूर्ण कवळीत मानवी दात, प्राण्यांचे दात, हस्तिदंत व शिसेमिश्रित धातू एकत्र आढळतात.

डिसेंबर १७९८ मध्ये वॉशिंग्टन यांनी ग्रीनवूड यांच्याकडे कवळी दुरुस्तीसाठी पाठवली. तिच्यामुळे ओठ पुढे ढकलले जातात, अशी त्यांची तक्रार होती. कवळी काळी पडल्याचे पाहून ग्रीनवूड यांनी त्याचे कारण पोर्ट वाइन असल्याचे कळवले. जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी किंवा ब्रश व खडूच्या भुकटीने साफ करावी, असा सल्ला त्यांनी दिला.

चेहऱ्यावरील परिणाम

गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढलेल्या वॉशिंग्टन यांच्या व्यक्तिचित्रात आवळलेले ओठ आणि तोंडाभोवतीचा फुगीरपणा स्पष्ट दिसतो. हेच चित्र पुढे एक डॉलरच्या नोटेवरील प्रतिमेचा आधार ठरले. वॉशिंग्टन यांचे १७९३ मधील दुसरे शपथविधीचे भाषण अवघ्या १३५ शब्दांचे होते. या संक्षेपाचा संबंध कधीकधी कवळीशी जोडला जातो, परंतु त्यास कागदोपत्री आधार नाही.

लाकडी दातांची आख्यायिका

वॉशिंग्टन यांच्या उपलब्ध कवळ्यांपैकी एकीतही लाकडाचा वापर आढळलेला नाही. जपानमध्ये मात्र लाकडातून कोरलेल्या कवळ्यांची जुनी परंपरा होती. हस्तिदंतातील सूक्ष्म भेगांत डाग मुरल्यावर त्या लाकडाच्या रेषांसारख्या दिसतात, आणि त्यावरून हा समज निर्माण झाला असावा, असे मानले जाते. लाकडी दातांची कथा साध्या राहणीच्या राष्ट्रपुरुषाच्या प्रतिमेशी जुळणारी असल्याने ती पिढ्यानपिढ्या सांगितली गेली, आणि मानवी दातांच्या खरेदीची नोंद दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

मृत्यू व वारसा

१४ डिसेंबर १७९९ रोजी घशाच्या विकाराने वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथे निधन झाले. त्या वर्षी तेथे ३१७ लोक गुलामगिरीत होते. त्यांपैकी १२३ जण वॉशिंग्टन यांच्या स्वतःच्या मालकीचे होते. पत्नी मार्था यांच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावे, अशी तरतूद वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात केली होती. मार्था यांनी १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांची मुक्तता केली.

चिनी मातीच्या दातांचा प्रसार आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या कठीण रबराच्या कवळ्या यांमुळे मानवी दातांचा वापर हळूहळू संपुष्टात आला. वॉशिंग्टन यांची संपूर्ण कवळी माउंट व्हर्नन येथील संग्रहालयात आहे. ग्रीनवूड यांनी १७८९ मध्ये घडवलेली कवळी न्यूयॉर्क वैद्यक अकादमीच्या संग्रहात आहे.