डॉ. आनंदीबाई जोशी : मागणारीचा खरेपणा व देणारीचे मन

खानदेशातील आमच्या मंडळ्यांमध्ये, मग त्या जळगावाकडील चोपडे-यावलच्या असोत की धुळ्याकडील साक्री-शिरपूरच्या असोत, शिकलेल्या मुलामुलींच्या तोंडी अलीकडे अमेरिकेतील विद्यापीठांची नावे ऐकू येऊ लागली आहेत. अर्ज धाडावयाचा, गुणपत्रके जोडावयाची, इंग्रजीची परीक्षा द्यावयाची, आपल्या हेतूविषयी एक पत्र लिहावयाचे, शिक्षकांची शिफारसपत्रे मिळवावयाची, खर्चाची तजवीज कागदोपत्री दाखवावयाची आणि शेवटी मुंबईस अमेरिकन वकिलातीत मुलाखतीस उभे राहावयाचे, असा हा क्रम आहे. या कामी आईबाप बहुधा आपल्या उपदेशकाकडेच धाव घेतात. पत्रात काय लिहावे, कोणापुढे हात पसरावा आणि साहाय्य करणाऱ्यास काय बरे वाटेल, असे प्रश्न मग निघतात. यांतील शेवटचा प्रश्न मोठा मोहाचा आहे. म्हणून आज वाचकांपुढे आम्ही एका महाराष्ट्रीय स्त्रीचे चरित्र ठेवितो. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरी ख्रिस्ती मनुष्याने त्यांच्यापासून शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळ विनायक जोशी या बिजवराशी झाला व सासरी त्यांस आनंदी हे नाव मिळाले. गोपाळराव पोस्टखात्यात कारकून होते व वयाने बायकोहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवावयाचे या एकाच ध्यासाने त्यांस पछाडले होते. त्या काळी बायकोने स्वयंपाक नीट केला नाही म्हणून नवरा रागावे. या घरी अभ्यास झाला नाही म्हणून नवरा रागावे. त्यांच्या शिकवण्यात कठोरपणा फार होता, आणि त्याचा जाच त्या लहान मुलीने पुष्कळ सोसला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

पुढे त्यांस एक मुलगा झाला, परंतु तो दहा दिवसांतच दगावला. आईचे वय तेव्हा कोवळे होते. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर मूल वाचले असते, ही गोष्ट त्यांच्या मनास लागून राहिली. पुरुष डॉक्टरापुढे जाण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या स्त्रिया त्या वेळी घरोघर होत्या. आपणच डॉक्टर व्हावे, असा निश्चय त्या दुःखातून उपजला.

गोपाळरावांची बदली कोल्हापुरास झाली असता तेथील अमेरिकन मिशनरी मंडळींशी त्यांची ओळख पडली. आपणास अमेरिकेत काही काम मिळावे व पत्नीचे शिक्षण तेथे व्हावे, अशा आशयाची त्यांची पत्रे त्या मंडळींमार्फत अमेरिकेस गेली. रेव्हरंड वाइल्डर साहेब हे पूर्वी कोल्हापुरास पुष्कळ वर्षे मिशनरी होते, व आता प्रिन्स्टन येथून एक मिशनरी मासिक चालवीत होते. त्या मासिकात गोपाळरावांची पत्रे व साहेबांचे उत्तर ही दोन्ही छापली गेली. उत्तराचा मथितार्थ असा होता की, जोशी पतिपत्नींनी ख्रिस्ताचा स्वीकार करावा, मग मदतीचा विचार होईल. उत्तर लिहिणारांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण शिक्षण मागणाऱ्यास बाप्तिस्म्याची अट पुढे आली, आणि ते दार तेथेच मिटले.

परंतु देवाला एक दार मिटलेले दिसले तर दुसरे उघडता येते. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या एक बाई दंतवैद्याकडे गेल्या होत्या. आपली पाळी येईपर्यंत त्यांनी तेथे पडलेले मासिक सहज चाळावयास घेतले, तो ही पत्रे त्यांच्या दृष्टीस पडली. कार्पेंटरबाई कोणत्याही संस्थेच्या अधिकारी नव्हत्या. साध्या गृहिणी होत्या. त्यांनी घरी येऊन आनंदीबाईंस पत्र लिहिले व त्यात आपल्या घरी राहावयास येण्याचे आमंत्रण केले. त्या आमंत्रणास कसलीही अट जोडलेली नव्हती. पुढे दोघींचा पत्रव्यवहार अखंड चालला; आनंदीबाई त्यांस मावशी म्हणू लागल्या. जोशी कुटुंब बंगाल्यात बदलून गेले व आनंदीबाईंची प्रकृती बिघडली, तेव्हा या मावशीने समुद्रापलीकडून त्यांस औषधे धाडिली.

बंगाल्यात असताना एका डॉक्टर दांपत्याने त्यांस फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजाचे नाव सुचविले. हे कॉलेज १८५० साली केवळ स्त्रियांस डॉक्टर करण्यासाठी स्थापन झाले होते. एकट्या हिंदू स्त्रीने समुद्र ओलांडून जावे, हे ऐकून लोकांत मोठी खळबळ उडाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजाच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी इंग्रजीत व्याख्यान दिले. हे सेरामपूर म्हणजे केरी साहेबांचेच, जेथून १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले. अशा ठिकाणी, आपल्याला मदत करू शकतील अशा ख्रिस्ती लोकांच्या समक्ष, वय अठरा देखील पुरे न झालेल्या या मुलीने स्पष्ट सांगितले की, हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे म्हणून आपण जात आहोत, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. त्यांस पैशांची गरज होती. प्रवासात सोबतीची व परदेशात आसऱ्याची गरज होती. कदाचित् पुढे ख्रिस्ती होऊ, एवढा एक शब्द त्या बोलत्या तर किती तरी वाटा सोप्या झाल्या असत्या. तो शब्द त्यांच्या मनात नव्हता म्हणून ओठांवर आला नाही. या खरेपणाने त्यांचे नुकसान झाले काय? व्याख्यानाची वार्ता देशभर पसरली व ठिकठिकाणाहून वर्गणी आली. व्हाइसरॉय साहेबांनीही २०० रुपये दिले. उरलेल्या खर्चासाठी बाईंनी अंगावरचे दागिने विकले. ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्ता सोडले. पती बरोबर नव्हते. सोबत मिशनशी संबंध असलेल्या परकी बायांची होती. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्क बंदरी उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांस घ्यावयास आल्या होत्या.

आता अर्जाची गोष्ट. रोझेल येथे मावशीच्या घरी राहून, त्याच जून महिन्याच्या अखेरीस त्यांनी कॉलेजाच्या चिटणीसांस पत्र लिहिले. आमच्या तरुणांनी या पत्राचा आशय लक्षात ठेवावा. आपले वय किती, अभ्यास काय झाला, भाषा कोणत्या येतात, हे त्यांनी सरळ सांगितले. शाळेच्या मोठमोठ्या परीक्षा झालेल्या नाहीत, तेव्हा प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतीलच असे नाही, हेही त्यांनी आपण होऊन कळविले व आपली स्थिती निराळी आहे हे ध्यानी घेण्याची विनंती केली. नातलगांचा व जातीचा विरोध पत्करून येथवर येण्याचा जो निर्धार आहे, तो ही उणीव भरून काढील, असे त्यांचे म्हणणे होते. आणि शेवटी हेतू सांगितला : पुरुष वैद्याचा हात लागू देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींस खरी वैद्यकीय मदत द्यावयाची आहे. काय आहे ते सांगितले, काय नाही तेही सांगितले, आणि हे शिक्षण कोणासाठी हवे आहे ते सांगितले.

कॉलेजाच्या मुख्य अधिकारी डॉ. राशेल बॉडली या रसायनशास्त्राच्या अध्यापिका होत्या. त्यांनी या परदेशी मुलीस मायेने आत घेतले. प्रवेश मिळालाच, शिवाय तीन वर्षांच्या शिक्षणासाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. तीही धर्माची अट न घालता.

तेथील तीन वर्षे सुखाची नव्हती. थंडी अंगास सोसवेना. आनंदीबाईंनी लुगडे नेसणे व शाकाहार ही दोन्ही पाळली. राहण्याच्या खोलीत शेगडीचा धूर कोंडे. क्षयाचे बीज शरीरात रुजले, तरी अभ्यास सुटला नाही. प्राचीन हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी आपला निबंध लिहिला व ११ मार्च १८८६ रोजी त्यांस डॉक्टरची पदवी मिळाली. पाश्चात्य वैद्यकाची पदवी अमेरिकेत मिळविणारी ही पहिली हिंदी स्त्री. त्या समारंभास गोपाळराव हजर होते, आणि आमच्या वाचकांस प्रिय असलेल्या पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. रमाबाई आनंदीबाईंच्या दूरच्या नातलग होत्या, व १८८३ सालीच त्यांचा बाप्तिस्मा झाला होता. बाप्तिस्मा घेतलेली एक बहीण, न घेतलेल्या दुसरीच्या यशाने हर्षित होऊन त्या सभेत बसली होती, हे चित्र आम्हांस फार बोलके वाटते.

कोल्हापूर संस्थानाने त्यांस आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा देऊ केली. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस पोहोचल्या, परंतु देह पार खंगला होता. कोल्हापूरची जागा त्यांची वाटच पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षे पुरी होण्यास महिनाभर उणा होता. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे धाडिल्या. त्या बाईंनी न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांस जागा दिली व वर शिला उभारिली. ती आजही तेथे आहे. जिला पत्रातून भाची म्हटले, तिला मरणानंतरही परकी मानले नाही.

आमच्या अंतःकरणात एक हुरहूर आहे, ती लपवीत नाही. ही गुणी स्त्री प्रभू येशूस ओळखती तर किती बरे झाले असते, असे कोणत्या ख्रिस्ती मनुष्यास वाटणार नाही? परंतु तिकिटाच्या किमतीत घेतलेला बाप्तिस्मा कोणत्या मोलाचा ठरता? आपल्या गावातून आपणांस कोणता टोमणा ऐकावा लागतो, हे खानदेशातील बंधुभगिनींस सांगावयास नको. पोटासाठी बाटले, शाळेसाठी बाटले, साहेबाच्या पैशासाठी बाटले, असे लोक म्हणतात. ज्यांनी शेतीची मजुरी, विहिरीचे पाणी व भाऊबंदांचा शेजार गमावून प्रभूस धरिले, त्यांस हे शब्द किती झोंबतात! या टोमण्यास उत्तर एकच. आपली श्रद्धा कोणत्याही अर्जास जोडावयाचा कागद होऊ देऊ नये. आनंदीबाईंनी आपला धर्म विकावयास काढला नाही. मग आम्ही, ज्यांस मोल देऊन विकत घेतले आहे, त्यांनी तो बाजारात का मांडावा?

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे सांगणे आहे की, मंडळीतील मुलामुलींची पत्रे लिहून देताना दोन गोष्टी संभाळाव्या. गुण जितके असतील तितकेच लिहावे. ज्या संस्थेकडे अर्ज जात आहे तिला आवडेल म्हणून भक्तीचा रंग चढवू नये. भक्ती खरी असेल तर ती शिफारसपत्रावाचून कळते. आणि आपल्या गावातील हिंदू, मुसलमान किंवा भिल्ल शेजाऱ्याचे मूल शिकावयास मदत मागत आले, तर पत्र लिहून देताना त्यास प्रार्थनेस ये अशी अट घालू नये. जखमी वाटसरूस उचलणाऱ्या शोमरोन्याने आधी त्याची जात विचारली नाही, की बरा झाल्यावर माझ्या देवळात ये असे वचन घेतले नाही. त्याने तेल व द्राक्षारस ओतला, उतारशाळेचे पैसे भरले, आणि तो आपल्या वाटेने गेला.

मोबदल्यावाचून दिलेले वाया जात नाही, हेही पाहावे. ज्या कॉलेजाचे दार आनंदीबाईंसाठी अटीवाचून उघडले, त्याच कॉलेजातून १८९२ साली गुरुबाई करमरकर ही मराठी ख्रिस्ती स्त्री डॉक्टर होऊन आली व अमेरिकन मराठी मिशनच्या कामात मुंबईस गोरगरिबांच्या सेवेस लागली. रमाबाईही अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने परतल्या व त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडिले; आनंदीबाईंच्या पदवीदानास त्या दिवशी बरोबर तीन वर्षे होत होती. दंतवैद्याच्या घरी पाळीची वाट पाहत बसलेल्या एका गृहिणीस यांतले काहीच ठाऊक नव्हते. तिने फक्त एक पत्र लिहिले.

असे पत्र लिहिण्यास मोठी विद्या लागत नाही, पैसाही लागत नाही. यावल तालुक्यातील एखाद्या बायबलबाईस किंवा साक्रीकडील एखाद्या शिक्षकासही ते लिहिता येईल. आमच्या मंडळ्यांमध्ये आनंदीबाईंसारखे खरे मागणारे व कार्पेंटरबाईंसारखे मोकळ्या हाताने देणारे प्रभू उत्पन्न करो, हीच आमची प्रार्थना आहे.