राजाची बहीण : ॲन ऑफ क्लीव्ह्ज

इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा राण्या म्हटले की ॲन बोलीन आणि तिचा शिरच्छेद एवढेच बहुतेकांना आठवते. चौथ्या राणीविषयी, ॲन ऑफ क्लीव्ह्जविषयी, राजाला ती आवडली नाही यापलीकडे कोणी फारसे सांगत नाही. पण ज्या राजाने दोन राण्यांची मस्तके उडवली, त्याच्या तावडीतून ही परकी तरुणी जहागीर घेऊन सुटली. हे कसे घडले?

तिचा जन्म १५१५ चा, जर्मनीतील क्लीव्ह्जच्या ड्यूकच्या घरी. लिहिणे-वाचणे आणि सुरेख शिवणकाम तिला येई. गाणेबजावणे शिकवलेले नव्हते, इंग्रजीचा तर गंधही नव्हता. फ्रान्स व सम्राट पाचवा चार्ल्स एक होतील या धास्तीने मंत्री थॉमस क्रॉमवेलने ही सोयरीक जुळवली. १५३९ मध्ये हान्स होल्बाइनने काढलेले तिचे चित्र राजाला पसंत पडले.

१ जानेवारी १५४० रोजी रॉचेस्टरला हेन्री वेषांतर करून तिला भेटायला गेला. ती खिडकीतून बैलांचा खेळ पाहत होती. आगंतुकाला तिने ओळखले नाही आणि पुन्हा खिडकीकडे वळली. तिने ओळखावे तरी कसे? राजाचे मन तेथेच उतरले. ६ जानेवारीला लग्न झाले आणि ९ जुलैला ते रद्द ठरले. लॉरेनच्या राजपुत्राशी लहानपणी झालेली सोयरीक त्यासाठी उकरून काढण्यात आली.

पहिली राणी कॅथरिन ऑफ ॲरॅगॉन हक्कासाठी शेवटपर्यंत झगडली होती. मुलीची भेटही न होता १५३६ मध्ये एकाकी मेली. चोवीस वर्षांच्या ॲनने लगेच संमती दिली. काहींना हा भित्रेपणा वाटतो. मला तो अचूक हिशेब वाटतो. बदल्यात रिचमंडचा राजवाडा, ॲन बोलीनचे माहेर असलेला हेव्हरचा वाडा, जमिनींचे उत्पन्न आणि राजाची बहीण हा मान तिला मिळाला. अट एकच, इंग्लंड सोडायचे नाही. क्रॉमवेलचे मात्र २८ जुलैला डोके उडाले. त्याच दिवशी राजा कॅथरिन हॉवर्डशी बोहल्यावर चढला.

१५४७ मध्ये हेन्री वारला आणि ॲनचे दिवस पालटले. नव्या राज्यमंडळाने रिचमंड काढून घेतले. त्यातच हेन्रीने नाण्यांतली चांदी कमी केल्याने महागाई भडकलेली होती. ठरीव उत्पन्नावर जगणाऱ्याचे काय होते, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. खर्च भागेना, म्हणून ती भावाकडे गाऱ्हाणी लिही.

तरी सावत्र मुलींशी तिचे सूत जमले होते. १५५३ मध्ये मेरीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत ती एलिझाबेथसह एकाच गाडीत बसली होती. १६ जुलै १५५७ रोजी चेल्सी येथे ती वारली. मृत्युपत्रात तिने आपल्या नोकरचाकरांची आठवण ठेवली होती. मेरीने तिला वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरवले. हेन्रीच्या सहा राण्यांपैकी तेथे थडगे आहे ते तिचेच.