डॉ. कार्लोस फिनले : पीतज्वराचा डास ओळखणारे डॉक्टर

एकोणिसाव्या शतकात क्युबाच्या हवाना बंदरातून आलेल्या जहाजांची इतर बंदरांना धास्ती वाटे. कारण होते पीतज्वर म्हणजेच यलो फीवर. या आजारात ताप येतो, तर गंभीर रुग्णांना कावीळ आणि रक्ताच्या उलट्या होतात. जहाजे क्वारंटाइनमध्ये अडवली जात, सामानाला धुरी दिली जाई. तरीही साथी येतच राहिल्या.

कार्लोस फिनले यांचा जन्म १८३३ मध्ये क्युबात झाला. फिलाडेल्फियात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते हवानात डॉक्टरी करू लागले. हा आजार विशिष्ट जातीच्या डासामुळे पसरतो, असे त्यांनी १८८१ मध्ये मांडले. जवळपास वीस वर्षे त्यांच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष झाले.

१९०० मध्ये वॉल्टर रीड यांचे अमेरिकी लष्करी वैद्यकीय पथक हवानात आले. फिनले यांनी त्यांना डासांची अंडी दिली. रुग्णांच्या मळक्या अंथरुणात झोपलेले स्वयंसेवक निरोगी राहिले. डास चावलेल्यांपैकी अनेकांना मात्र पीतज्वर झाला. या संशोधनादरम्यान पथकातील डॉ. जेसी लेझिअर यांचा पीतज्वरानेच मृत्यू झाला. १९०१ मध्ये हवानात साचलेल्या पाण्यावर मोहीम उघडली गेली, रुग्णांना जाळीआड ठेवले गेले आणि काही महिन्यांत साथ आटोक्यात आली.

पुढे फिनले क्युबाचे मुख्य आरोग्याधिकारी झाले. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

तोच एडिस इजिप्ती डास आज आपल्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो. म्हणून पाण्याची भांडी झाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा.