मद्रास विधिमंडळातील पहिल्या महिला सदस्य डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी

गुम्मिडिपूंडी (तिरुवल्लूर) : चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत वसलेल्या गुम्मिडिपूंडीपासून थेट कन्याकुमारीपर्यंत गरीब गर्भवती स्त्रियांना तामिळनाडू सरकारकडून जे प्रसूतिसाहाय्य मिळते, त्या योजनेला डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांचे नाव आहे. महाराष्ट्रात मात्र हे नाव फारसे परिचित नाही. स्त्री-पुरुष विषमतेविषयी आजही जे गैरसमज कानी पडतात, त्यांपैकी बहुतेकांशी या बाईंची गाठ शंभर वर्षांपूर्वीच पडली होती.

मुथुलक्ष्मी यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुक्कोट्टै संस्थानात झाला. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळाली, ते हेच वर्ष. वडील नारायणस्वामी अय्यर महाराजा महाविद्यालयाचे प्राचार्य होते. आई चंद्रम्माळ देवदासी परंपरेतील कुटुंबातून आलेल्या होत्या आणि या विवाहामुळे वडिलांच्या नातलगांनी त्यांच्याशी संबंध तोडले होते. मुलगी वयात आली की शाळा बंद, हा त्या काळचा शिरस्ता. मुथुलक्ष्मी यांनी घरीच अभ्यास करून मॅट्रिकची परीक्षा दिली.

अंगी गुण असतील तर बाईला कोणी अडवत नाही, असे सर्रास म्हटले जाते. मुथुलक्ष्मी यांच्या गुणांविषयी कोणालाच शंका नव्हती. तरीही त्यांनी महाविद्यालयात प्रवेश मागितला तेव्हा मुलगी वर्गात आली तर मुले बिघडतील, अशी हरकत घेण्यात आली. बिघडण्याची भीती मुलांची आणि प्रवेशाला अटकाव मुलीला, हा न्याय त्या वेळी फारसा कोणाला खटकला नाही. अखेर संस्थानाच्या महाराजांनी हुकूम दिल्यावर दार उघडले. एका राजाची मर्जी होती म्हणून एक मुलगी शिकली. बाकीच्यांसाठी नियम होता तसाच राहिला.

१९०७ मध्ये त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९१२ मध्ये डॉक्टर झाल्या. १९१४ मध्ये त्यांनी डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह केला. आपल्याला बरोबरीने वागवावे आणि आपल्या कामाच्या आड येऊ नये, ही अट त्यांनी विवाहापूर्वीच घातली होती. ती मान्य झाली आणि पाळलीही गेली. स्त्रियांच्या हक्कांची भाषा म्हणजे पुरुषांचा द्वेष, असे मानणाऱ्यांनी त्यांचे वडील आणि पती यांच्याकडे पाहावे. त्यांची तक्रार पुरुषांविरुद्ध नव्हती. पुरुषाला जन्मतः मिळते ते स्त्रीला अट घालून का मिळवावे लागते, हा प्रश्न होता.

१९२६ च्या अखेरीस मद्रास विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. ब्रिटिश हिंदुस्थानातील त्या पहिल्या महिला आमदार. सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्षपदही दिले. सन्मान सहज मिळाला, विरोध पुढे व्हायचा होता. १९२७ मध्ये त्यांनी मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव मांडला.

या प्रथेचे मूळ केवळ श्रद्धेत नव्हते. देवळाची सेवा करणाऱ्या कुटुंबांना इनाम जमिनी असत आणि सेवा थांबली की जमीन जाण्याची भीती असे. म्हणजे घरातील एक मुलगी देवाला वाहिली तरच घराचे पोट भरणार. मुथुलक्ष्मी यांच्या प्रयत्नांतून १९२९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि या जमिनी सेवेच्या अटीतून मुक्त करण्यात आल्या. जमीन बाईकडे राहिली, बंधन गेले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत शहाणपणाचे पाऊल कदाचित हेच असावे. केवळ उपदेश केला असता तर एकही घर बदलले नसते.

काँग्रेसचे नेते एस. सत्यमूर्ती यांनी परंपरेच्या नावाने या सुधारणेला विरोध केला. खुद्द अनेक देवदासींनीही सरकारकडे निषेध नोंदवला. बायकाच बायकांच्या शत्रू असतात, या म्हणण्याला असा दाखला हमखास जोडला जातो. पण या स्त्रियांना वैराचे कारण नव्हते. त्यांच्यापैकी काहींना वाचता-लिहिता येत होते, संगीत आणि नृत्य ही त्यांची विद्या होती, मालमत्तेवर हक्क होता. इतर घरांतील स्त्रियांना यांतले क्वचितच काही मिळे. ते गमावून हाती काय येणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि सुधारकांनी त्याला नेहमीच पुरेसे उत्तर दिले असे म्हणता येणार नाही. त्याच समाजातील मूवलूर रामामिर्तम यांनी मात्र प्रथेविरुद्ध जन्मभर झुंज दिली.

गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ १९३० मध्ये मुथुलक्ष्मी यांनी विधिमंडळाचा राजीनामा दिला. त्याच सुमारास देवदासी कुटुंबांतून बाहेर पडलेल्या मुलींना वसतिगृहात जागा मिळेना, तेव्हा त्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. त्यातूनच अव्वै होम ही संस्था उभी राहिली. मुंबई प्रांतात देवदासी प्रथेविरुद्ध कायदा १९३४ मध्ये झाला. मद्रासमध्ये संपूर्ण बंदीसाठी १९४७ साल उजाडावे लागले. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल कोल्हापूर-सांगलीकडे त्यानंतरही अनेक वर्षे सुरू होती, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

१९२३ मध्ये त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने दगावली होती. कर्करोग झाला म्हणजे मरण ठरलेलेच, मग त्यासाठी रुग्णालय कशाला, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. मुथुलक्ष्मी यांनी तीस वर्षे पाठपुरावा केला. १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते अड्यार येथे कोनशिला बसली आणि जून १९५४ मध्ये बारा खाटांचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले. २२ जुलै १९६८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अड्यारचे ते रुग्णालय आज देशातील प्रमुख कर्करोग केंद्रांपैकी एक आहे.