कादंबरीकर्त्री शार्लट ब्रॉन्टी

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यांत हॉवर्थ नांवाचें गांव आहे. भोंवतीं ओसाड माळरान, मध्यें चढणीचा रस्ता आणि वरच्या टोकास प्रार्थनामंदिर, दफनभूमि व पाळकाचें दगडी घर. याच घरांत शार्लट ब्रॉन्टी वाढली आणि येथेंच तिनें आपल्या कादंबऱ्या लिहिल्या.

तिचा जन्म २१ एप्रिल १८१६ रोजीं थॉर्नटन येथें झाला. पांचव्या वर्षींच ती मातृसुखास अंतरली. १८२५ सालीं दोन्ही वडील बहिणी क्षयानें वारल्या. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व ॲन हीं चार भावंडें मागें राहिलीं. पुढील वर्षीं वडिलांनीं ब्रॅनवेलसाठीं लांकडी शिपाई आणले. त्या शिपायांना नांवें देऊन मुलांनीं काल्पनिक राज्यें वसविलीं आणि त्यांच्या कथा तळहातावर मावणाऱ्या वह्यांत मुंगीएवढ्या अक्षरांनीं लिहिल्या. शार्लटच्या प्रतिभेचा उगम या खेळांतच झाला.

विसाव्या वर्षीं तिनें आपल्या कविता राजकवि साउदी यांजकडे पाठविल्या. वाङ्मय हा स्त्रीचा व्यवसाय होऊं शकत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय आला. पोटासाठीं तिनें शिक्षिकेची व गव्हर्नेसची नोकरी केली. १८४४ सालीं घरींच शाळा काढण्याचें योजिलें, परंतु एकहि विद्यार्थिनी आली नाहीं. इकडे भाऊ व्यसनाधीन झाला होता व वडिलांस दिसेनासें होऊं लागलें होतें. त्यांच्या पश्चात् राहतें घरहि सुटणार, ही चिंता सदैव होती.

१८४६ सालीं तिघी बहिणींनीं करर, एलिस व ॲक्टन बेल या टोपणनांवांनीं स्वखर्चानें कवितासंग्रह छापविला. वर्षभरांत त्याच्या अवघ्या दोन प्रती खपल्या! तरीहि त्यांनीं लेखणी खालीं ठेविली नाहीं.

रात्रीं नऊच्या सुमारास शिवणकाम आटोपलें म्हणजे तिघी जेवणघरांत येरझारा घालीत आणि आपापल्या कथानकांची चर्चा करीत. शार्लटची दृष्टि अधू असल्यामुळें ती कागदाचे लहान तुकडे डोळ्यांजवळ धरून पेन्सिलीनें लिही. कधीं कथा झरझर पुढें जाई, तर कधीं आठवडेच्या आठवडे कांहींच सुचत नसे. परंतु लेखनासाठीं तिनें घरकाम टाळलें नाहीं. वृद्ध मोलकरणीच्या नजरेंतून सुटलेले बटाट्यांचे डोळे, तिला न दुखवितां, शार्लट हळूच काढून टाकी.

तिची पहिली कादंबरी ‘दि प्रोफेसर’ एकामागून एक प्रकाशकांकडून परत आली. ऑगस्ट १८४६ मध्यें मॅंचेस्टर येथें वडिलांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, त्याच दिवशीं हस्तलिखित पुन्हां नाकारून आलें. वडील अंधाऱ्या खोलींत पट्टी बांधून निजलेले असतां तिनें ‘जेन एअर’ लिहावयास घेतली. नायिका सुंदरच असली पाहिजे असें नाहीं, हें बहिणींना पटवून देण्यासाठीं तिनें आपली नायिका साधी व ठेंगणी योजिली.

जुन्याच वेष्टनावरील आधींच्या प्रकाशकांचीं नांवें खोडून ‘दि प्रोफेसर’ पुढें लंडनच्या स्मिथ एल्डर कंपनीकडे गेली. कंपनीनें नकारच दिला, परंतु दुसरी मोठी कादंबरी असल्यास अवश्य वाचूं, असें कळविलें. २४ ऑगस्ट १८४७ रोजीं ‘जेन एअर’ रवाना झाली. जॉर्ज स्मिथ यांनीं ती एका रविवारीं हातीं घेतली, ती संपवूनच ते निजले. १९ ऑक्टोबर रोजीं पुस्तक प्रसिद्ध होऊन सर्वत्र गाजलें.

सुखाचे दिवस थोडेच ठरले. १८४८ सालीं ब्रॅनवेल व एमिली, आणि १८४९ च्या मे महिन्यांत ॲन, अशीं तिन्ही भावंडें निवर्तलीं. त्यानंतर जेवणघरांत शार्लट एकटीच येरझारा घाली. तशा स्थितींतहि तिनें ‘शर्ली’ त्याच वर्षीं पूर्ण केली. तिचें हस्तलिखित हॉवर्थहून नेणारे कंपनीचे जेम्स टेलर पुढें १८५१ सालीं व्यापारासाठीं मुंबईस आले. १८५३ सालीं ‘व्हिलेट’ निघाली. १८५४ सालीं तिचा विवाह झाला आणि ३१ मार्च १८५५ रोजीं, अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, तिचें देहावसान झालें. ज्या पुस्तकास कोणी थारा दिला नव्हता, तें ‘दि प्रोफेसर’ १८५७ सालीं छापून निघालें.

विद्यार्थिमित्रहो, परत आलेलें बाड पाहून शार्लट रडत बसली असती, तर ‘जेन एअर’ जगास मिळाली नसती. परीक्षेंत वा उद्योगांत अपयश येईल, तेव्हां मॅंचेस्टरच्या त्या दिवसाचें स्मरण ठेवावें.