ॲलन सीगर

ॲलन सीगर (२२ जून १८८८ – ४ जुलै १९१६) हे अमेरिकन कवी व पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढलेले स्वयंसेवक सैनिक होते. आपला देश तटस्थ असताना ते युद्धात उतरले आणि अमेरिकेने युद्ध पुकारण्यापूर्वी नऊ महिने मारले गेले.

पूर्वायुष्य
सीगर यांचा जन्म न्यू यॉर्क येथे झाला. बालपणीचा काही काळ मेक्सिकोत गेला. १९१० साली ते हार्वर्ड विद्यापीठातून पदवीधर झाले, कवी टी. एस. एलियट तेथे त्यांचे सहाध्यायी होते. १९१२ पासून ते पॅरिसमध्ये राहू लागले. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांच्या कवितांचे हस्तलिखित बेल्जियममधील ब्रुज येथे एका मुद्रकाकडे होते. बेल्जियमही तटस्थच होता, पण जर्मन सैन्याने तो व्यापला. हस्तलिखित पुढे परत मिळाले.

खंदकांतील जीवन
ऑगस्ट १९१४ मध्ये सीगर फ्रान्सच्या फॉरेन लीजनमध्ये दाखल झाले. पहिला हिवाळा त्यांनी एन नदीच्या परिसरातील खंदकांत काढला. तेथून अमेरिकन वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रांत शौर्यकथा फारशा आढळत नाहीत. जमिनीत बीळ खणून त्यात दबून राहणे हेच पायदळातील सैनिकाचे काम झाले आहे, तोफांचा मारा सतत चालू असतो पण शत्रू दृष्टीसही पडत नाही, अशी त्यांची तक्रार होती. थंडी, चिखल, रात्रीचे पहारे आणि कंटाळा यांनी ही पत्रे भरलेली आहेत. युद्धाला भव्य मानणाऱ्या कवीच्या लेखणीतून हे वर्णन उतरले, म्हणूनच ते अधिक विश्वसनीय वाटते. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांनी शाम्पाञच्या आक्रमणात भाग घेतला.

तटस्थतेविषयी भूमिका
ऑगस्ट १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली आणि नागरिकांनी विचारांतही निःपक्षपाती राहावे, असे आवाहन केले. ७ मे १९१५ रोजी लुसिटानिया जहाज बुडवले गेले व त्यात १२८ अमेरिकन मृत्यू पावले. तरीही धोरण बदलले नाही. सीगर यांना ही तटस्थता भ्याडपणाची वाटे, व ‘अ मेसेज टू अमेरिका’ या कवितेत त्यांनी स्वदेशावर कठोर टीका केली. मात्र त्यांचा ओढा मुळात फ्रान्सकडे होता. जर्मनांविषयी वैयक्तिक द्वेष त्यांच्या लेखनात क्वचितच दिसतो.

फ्रान्ससाठी मरण पावलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांवर त्यांनी एक स्तुतिकाव्य रचले. ३० मे १९१६ रोजी पॅरिसमधील समारंभात ते स्वतः वाचणार होते, परंतु रजा वेळेत न मिळाल्याने जाऊ शकले नाहीत.

मृत्यू
पाचच आठवड्यांनी, सोमच्या लढाईत बेल्वा-आँ-साँतेर या गावावरील हल्ल्यात मशीनगनच्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाला. तो दिवस अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा होता. त्यांचा काव्यसंग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातील ‘आय हॅव अ राँदेव्हू विथ डेथ’ ही कविता पुढे जॉन एफ. केनेडी यांची आवडती ठरली. एलियट यांना या कवितांची शैली जुन्या वळणाची वाटली, आणि ते मत अनाठायी म्हणता येणार नाही. अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी युद्ध पुकारले. पॅरिसमध्ये १९२३ साली उभारलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या स्मारकावर सीगर यांचे नाव कोरलेले आहे.