थापा वजा करूनही उरणारी ॲनी

सायकल शिकताना मुलींना काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना ठाऊक आहे. म्हणूनच मैत्रिणींनो, आज मला तुम्हाला ॲनी लंडनडेरीची गोष्ट सांगावीशी वाटते. गोष्ट सव्वाशे वर्षांहून जुनी, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातली.

तिचं खरं नाव ॲनी कोहेन कोपचॉव्स्की. लॅटव्हियातून लहानपणीच आईवडिलांबरोबर आलेली ज्यू मुलगी. नवरा फेरीवाला, पदरात तीन लहान मुलं, राहणं दाटीवाटीच्या वस्तीत. अशी ही विशीतली बाई जून १८९४ मध्ये सायकलवरून जगप्रवासाला निघाली! आणि सायकल ती शिकली कधी? निघण्याच्या जेमतेम काही दिवस आधी!

पंधरा महिन्यांत फेरी पूर्ण करायची आणि वाटेत पाच हजार डॉलर कमवायचे, अशी दोन श्रीमंतांनी पैज लावलीय, असं ती सांगत असे. ही पैज बहुधा तिनंच रचलेली होती, असं अभ्यासकांना वाटतं. पण कमाईची अक्कल मात्र पक्की! लंडनडेरी नावाचं पाणी विकणाऱ्या कंपनीकडून तिनं शंभर डॉलर घेतले, सायकलवर त्यांची पाटी लावली आणि चक्क आडनावही तेच लावलं.

पहिली सायकल होती १९ किलोंची आणि अंगात पायघोळ स्कर्ट. शिकागो येईपर्यंत जीव मेटाकुटीला आला. तिथं तिनं जवळपास निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली आणि स्कर्ट सोडून ढगळ तुमान चढवली. लोकांनी नाकं मुरडली. पण समोरून वारा सुटला की पायघोळ स्कर्टचं शीड होतं, हे नाकं मुरडणाऱ्यांना कोण सांगणार? त्यात सायकलला ना गिअर, ना ब्रेक. वारा कितीही अंगावर येवो, जोर लावायचा तो फक्त पायांनी.

फ्रान्समध्ये पॅरिसहून मार्सेयपर्यंत ती भर थंडीत गेली. तिथून पुढचा आशियाचा प्रवास मुख्यतः बोटीनं झाला. मार्च १८९५ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला उतरली आणि मग समोर आलं कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिकोचं रखरखीत वाळवंट. धड रस्ता नाही, वाळूत चाक रुतणार. अशा मुलखात सायकलवाल्यांना रेल्वेच्या रुळांचाच आधार. पाणी मिळायचं ते रुळांच्या कडेच्या ठाण्यांवर. चाक फिरेना झालं की उतरायचं आणि सायकल ढकलत चालायचं. पुढे आयोवात डुकरांच्या कळपात घुसून ती पडली, मनगट मोडलं. तरीही १२ सप्टेंबर १८९५ ला ती शिकागोला पोहोचलीच!

आता खरं तेही सांगायला हवं. ॲनी थापाडी होती. भारतात वाघांची शिकार केली, चीन-जपान युद्धात गोळी लागली, असं ती बिनदिक्कत सांगे. काही टप्पे तिनं आगगाडीनंही कापले. सायकलवरून नव्हे, सायकल घेऊन फिरली, अशी टीका तेव्हाच झाली.

आणि मुलांचं काय? ती घरी नवऱ्याकडे होती. आई सव्वा वर्ष दूर राहिली, याची किंमत लेकरांनी मोजलीच असणार. ते मी नाकारत नाही. तिला देवी करायची गरज नाही.

परतल्यावर तिनं न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात काही काळ लिखाण केलं, मग संसारात विरून गेली. १९४७ मध्ये वारली तेव्हा जग तिला विसरलं होतं. पुढे तिच्याच नात्यातल्या पीटर झ्युटलिन यांनी तिच्यावर लिहिलेलं पुस्तक २००७ मध्ये आलं, तेव्हा ती पुन्हा लोकांसमोर आली.

मला विचाराल तर, तिच्या सगळ्या थापा वजा केल्या तरी शिल्लक खूप उरते. बाईला हे झेपायचं नाही, असं म्हणणाऱ्या काळात नुकतीच सायकल शिकलेली एक आई एकटी घराबाहेर पडली आणि जग फिरून आली. तेवढं तर कुणालाच खोडता येत नाही!